बटण श्रोत्याच्या हाती

२५ डिसेंबर १९३१ रोजी इक्वेडोर देशातील क्विटो नगरातून क्लॅरेन्स जोन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओवरून सुवार्ता सांगण्यास आरंभ केला. त्या वेळी नगरात रेडिओ संच अगदी थोडे होते. पुढे १९४८ साली मनिला व १९५४ साली टँजिअर येथेही अशी केंद्रे सुरू झाली. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून पुन्हा पृथ्वीकडे वळतात. म्हणून हा आवाज समुद्र व सरहद्दी ओलांडून दूरच्या घरांत पोहोचला.

पण जो दिसत नाही त्याच्याशी नुसते बोलणे, ही शेजाऱ्यावरील प्रीती होय काय? चांगला शोमरोनी जवळ गेला व त्याने जखमा बांधल्या. रेडिओला ते साधत नाही, हे आपण मान्य केलेच पाहिजे.

तरी एका गोष्टीत तो आम्हां उपदेशकांना धडा देतो. रेडिओचे बटण श्रोत्याच्या हाती असते. नको वाटले तर श्रोता न भिता, न लाजता ते बंद करतो. त्याला धाक घालता येत नाही. त्याला धरून ठेवण्यासाठी सत्य पातळ करण्याचा मोह तेथेही असतोच. परंतु सक्ती नसते.

आमच्यापुढे मात्र मंडळी व मुले बाकांवर बसलेली असतात. मध्येच उठून जाणे त्यांना बरे दिसत नाही. त्यांच्या गप्प बसण्यालाच आम्ही ऐकणे समजतो. बंधुभगिनींनो, येत्या रविवारी शिकवताना आपण मनाशी विचारू या : या मुलाच्या हाती बटण असते, तर त्याने ते चालू ठेवले असते काय?