पत्रांतले नाते आणि पत्राबाहेरचे मौन

वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर ताडाची झाडे आणि ओंकार उठावात काढलेला दिसतो. हे काम मीराबेनच्या हातचे. कुटीही मुळात त्यांच्यासाठीच उभारलेली होती. पुढे गांधी तेथे राहावयास आले आणि कुटीला त्यांचे नाव मिळाले. एखाद्या नात्यातील दोन व्यक्तींपैकी एकीचे नाव टिकते आणि दुसरीच्या हाताची खूण तेवढी उरते, तेव्हा त्या नात्याविषयी आपण काय जाणू शकतो आणि काय जाणण्याचा आपल्याला अधिकार आहे, हा या लेखाचा प्रश्न आहे.

गांधी आणि मीराबेन (पूर्वाश्रमीच्या मॅडेलिन स्लेड) यांच्या नात्यासंबंधीची कागदोपत्री साधने विपुल आहेत. गांधींनी त्यांना लिहिलेली पत्रे मीराबेननी स्वतः संपादित करून 1949 साली प्रसिद्ध केली. 1960 साली त्यांचे आत्मचरित्र आले. गांधींच्या संकलित वाङ्मयाच्या शंभर इंग्रजी खंडांत ही पत्रे विखुरलेली आहेत. मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी 1989 च्या ग्रंथात या पत्रांचे विवेचन केले आणि 2004 साली याच नात्यावर कादंबरी लिहिली. थॉमस वेबर यांनी 2011 साली गांधी आणि त्यांच्या पाश्चात्त्य स्त्री-सहकारी यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. इतकी सामग्री असता नाते समजण्यास अडचण पडू नये, असे वाटणे स्वाभाविक आहे.

अडचण मात्र सामग्रीच्या स्वरूपातच आहे. पत्र लिहिले जाते ते माणसे एकमेकांपासून दूर असतात म्हणून. मीराबेन 7 नोव्हेंबर 1925 रोजी साबरमतीला आल्या. आश्रमात असताना गांधींच्या दिनक्रमातील सेवा, जेवण, सूत, प्रार्थना यांत दोघांचे जे सान्निध्य होते, त्याचा कागद शिल्लक राहण्याचे कारण नव्हते. मौनाच्या दिवशीच्या चिठ्ठ्या सोडल्या, तर पत्रे उरतात ती प्रवासातली, तुरुंगातली आणि मुख्यतः गांधींनी मीराबेनना स्वतःपासून दूर पाठविले त्या काळातली. साहजिकच या पत्रांत विरह, समजावणी, रागावणे, क्षमा मागणे, प्रकृतीची विचारपूस हेच भाव पुन्हा पुन्हा येतात. ती सलग वाचणाऱ्याला वाटते की ओढ आणि दुरावा हाच या नात्याचा गाभा. वस्तुतः तो पत्र या प्रकाराचा गाभा असण्याचा संभव अधिक आहे. सुखाचा, शांत, कामात गेलेला दिवस पत्राला विषय पुरवीत नाही.

आपल्याच विदर्भातले एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांचा विवाहपूर्व पत्रव्यवहार 'कुसुमानिल' या नावाने 1972 साली प्रसिद्ध झाला. त्यात दोघांचाही आवाज आहे, म्हणून तेथे वाचक एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या उत्तराशी ताडून पाहू शकतो. तरीही तो संग्रह सहजीवनाचा इतिहास होत नाही. त्या पत्रांवरून त्यांचा संसार कसा झाला हे कोणी सांगू लागला, तर आपण त्याला थांबवू. मीराबेनच्या बाबतीत मात्र हीच उडी आपण सहज घेतो, आणि तीही निम्म्या संवादाच्या आधारावर. त्यांच्या पुस्तकात पत्रे गांधींची आहेत. मीराबेन बोलतात त्या टिपणांतून. प्रश्न कोणता होता हे आपल्याला बहुधा उत्तरावरून ताडावे लागते.

मग हे सारे साहित्य टाकून द्यावे काय? असे म्हणणे म्हणजे श्रद्धेच्या आडोशाला जाणे होय. त्यात धोका आहे, कारण हे नाते समानांचे नव्हते. कोणी कोठे राहावे, कोणती सेवा करावी, किती जवळ यावे, याचा निर्णय बहुतांशी एका बाजूला होता. सेगावात मीराबेन आधी राहावयास गेल्या होत्या. गांधी 30 एप्रिल 1936 रोजी तेथे आले, आणि मीराबेननी जवळच्याच दुसऱ्या गावी आपली झोपडी केली. (सेगावचे सेवाग्राम झाले ते 1940 साली.) या हालचालीत साधना होती तशी सत्ताही होती. ती न पाहणे हा मीराबेनवरचाच अन्याय ठरेल. पत्रे नसती, तर ही सत्ता कशी चालते, प्रेमाच्या भाषेत आज्ञा कशी येते, हे आपल्याला कळलेच नसते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पत्रे निवडणारी व्यक्ती मीराबेनच होती. गांधींच्या मृत्यूच्या पुढच्याच वर्षी त्यांनी ती छापली आणि आपल्याला बोल लावणारी, आपली दुर्बलता उघड करणारी पत्रेही त्यांत राहू दिली. ज्याला स्वतःची प्रतिमा जपावयाची असते तो असे करीत नाही. हे त्यांचे विधान आहे: नाते होते ते असे होते, आणि त्याची मला लाज नाही. त्याच मीराबेन आत्मचरित्रात मात्र क्रांतिकारक सरदार पृथ्वीसिंग यांच्याविषयी मौन पाळतात. सेवाग्रामच्या काळात त्यांना पृथ्वीसिंगांविषयी वाटलेला अनुराग आणि तो विवाहापर्यंत न पोचणे, हे नंतरच्या चरित्रकारांनी पत्रांवरूनच मांडले आहे. एकाच व्यक्तीने एक दुःख प्रसिद्ध केले आणि दुसरे गाळले. चरित्रकार या गाळण्याला रिकामी जागा समजतो आणि ती भरू लागतो. परंतु गाळणे हीही कृती आहे, आणि तिचाही कर्ता आहे.

माझ्या मते नैतिक मर्यादा येथे ओढावी. मौनाची नोंद करावी, ते कोठे सुरू होते हे सांगावे, त्याभोवतीची प्रसिद्ध कागदपत्रे सांगावीत. परंतु त्या व्यक्तीच्या वतीने मनातले बोलू नये. कक्कर यांना अखेर कादंबरीकडे वळावे लागले, ही घटना या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. कादंबरी आपण कल्पना करीत आहोत हे मुखपृष्ठावरच कबूल करते. चरित्राने तीच कल्पना करावी आणि तिला पुरावा म्हणावे, हा गुन्हा अधिक मोठा.

एक योगायोगही विसरता येत नाही. हे नाते सुरू झाले ते एका चरित्रातून. रोमाँ रोलाँ यांनी गांधींवरचे आपले पुस्तक 1924 साली प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी गांधींना पाहिलेही नव्हते. भेट झाली ती 1931 साली. दूरच्या साक्षीवर रचलेल्या त्या चरित्राने इंग्लंडमधल्या एका नौदल अधिकाऱ्याच्या मुलीचे आयुष्य बदलले. चरित्र हे निव्वळ निवेदन नसते, ते माणसांना ओढून नेणारी शक्तीही असते. आपण आज मीराबेनविषयी जे लिहू तेही कोणाच्या तरी मनात असेच घर करील. म्हणून अचूकतेइतकाच संयमही चरित्रकाराच्या कर्तव्यात मोडतो.

मीराबेननी 1959 साली भारत सोडला आणि 1982 साली ऑस्ट्रियात देह ठेवला. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी ज्यात घालविली, त्या बेटोफेनच्या संगीताला पत्राची गरज नव्हती. सेवाग्रामच्या भिंतीवरचे ताडही कोणाला उद्देशून लिहिलेले नाहीत. सान्निध्यात गेलेल्या दिवसांची ती एक साक्ष आहे. पत्रांच्या गठ्ठ्याने नात्याचा निकाल लावण्यापूर्वी त्या भिंतीसमोर थोडा वेळ उभे राहावे. ती काहीही सिद्ध करीत नाही. आपल्या हाती निम्माच कागद आहे, एवढेच ती सांगते.