मागील सभेचे इतिवृत्त

तालुक्याच्या गावातली उत्सव समितीची बैठक ज्याने एकदा पाहिली, तो ती विसरत नाही. नगरपरिषदेचं सभागृह, गरगर फिरूनही वारा न देणारा पंखा, हातोहात फिरणारं सह्यांचं रजिस्टर आणि सातची वेळ देऊन आठला सुरू झालेली चर्चा. स्वागताध्यक्ष कोण, यावर पाऊण तास. निमंत्रणपत्रिकेत कुणाचं नाव कुणाच्या वर, यावर आणखी पाऊण तास. मग मंडप, ध्वनिक्षेपक, ढोल-ताशा, स्मरणिका आणि तिच्यातल्या जाहिरातींचे दर. चहाचा दुसरा कप येईपर्यंत अंदाजपत्रक तयार. ज्या घटनेसाठी हा सगळा घाट, तिच्याबद्दल मात्र अख्ख्या बैठकीत कुणी अवाक्षर काढलेलं नसतं. ती सगळ्यांना ठाऊकच असते ना!

विषयपत्रिकेवरचा पहिला विषय ठरलेला असतो: ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ कार्यवाह दोन ओळी पुटपुटतात, मागून कुणीतरी ‘कायम, कायम’ म्हणतं आणि सभा पुढे सरकते.

महाडमध्ये जी कोणती समिती बसेल, तिला याच ओळीवर अडावं लागेल.

20 मार्च 2027 रोजी चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतात. शताब्दी म्हटली की समित्या आल्याच: सरकारी, पक्षांच्या, संघटनांच्या, गावाच्या. त्यातली गावाची समिती सगळ्यात अवघड जागी बसलेली असते. बाकीच्यांसाठी महाड हे एका विजयाचं ठिकाण आहे. महाडकरांच्या आजा-पणज्यांसाठी मात्र तो त्यांच्या दारातला प्रसंग होता, आणि त्या दिवशी सगळेच काही एका बाजूला उभे नव्हते.

म्हणून मागील सभेचं इतिवृत्त. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असं त्या ठरावाचं सांगणं होतं. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी 1924 मध्ये त्याला धरून आपला ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं. काठावर तीन वर्षं काहीच हललं नाही, कारण ठरावाच्या भरवशावर घागर घेऊन पायऱ्या उतरायला गेलं तर पाठीशी कोण उभं राहणार, याचं उत्तर ठरावात नव्हतं.

ते उत्तर 19 आणि 20 मार्च 1927 च्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत मिळालं. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी खेडोपाडी फिरून परिषद उभी केली होती. पंधरा वर्षांच्या पोरापासून सत्तरीच्या म्हाताऱ्यापर्यंत माणसं आली, काहीजण तर शंभर मैलांवरून, भाकरीची गाठोडी खांद्याला मारून. अडीच हजारांवर माणसं जमली. एवढ्या माणसांना प्यायला पाणी हवं. गावात चार-पाच एकरांचं तळं भरलेलं, पण ते यांच्यासाठी बंद. तेव्हा स्वागत समितीने सवर्णांकडून पाणी विकत घेतलं. चाळीस रुपयांचं.

एका समितीच्या खर्चाच्या वहीतली ही एक बाब. त्या वर्षाबद्दल जी मोठमोठी भाषणं होतात, त्यांच्यापेक्षा ही बाब जास्त सांगून जाते. तळं हाकेच्या अंतरावर असताना पाण्यासाठी पैसे मोजावे लागणं म्हणजे काय, हे समजायला पुढे विशेषणं लागत नाहीत. दुसऱ्या दिवशी परिषद संपता संपता कार्यकर्ते अनंतराव चित्रे यांनी तळ्यावर जाण्याची सूचना मांडली. डॉ. आंबेडकर पुढे झाले, ओळीने माणसं बाजारातून चालत गेली, तळ्यात उतरली, ओंजळ भरून पाणी प्याली आणि मंडपाकडे परत फिरली.

पुढचं गावाला फारसं सांगावंसं वाटत नाही. आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव मंडपावर चालून गेला, जेवत बसलेल्या माणसांवर तुटून पडला, अन्न मातीत गेलं. जीव वाचवायला धावणाऱ्या काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. पुढे खटला होऊन पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. आणि तळं ‘बाटलं’ म्हणून 108 घागरी पाणी उपसून, शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून मंत्रोच्चारात त्याची शुद्धी केली गेली.

मग पुन्हा नगरपालिकेची सभा. तारीख 4 ऑगस्ट 1927. तीन वर्षांपूर्वीचा आपलाच ठराव नगरपालिकेने मागे घेतला. बोले यांचा ठराव मंजूर झाला त्याला त्याच दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. योगायोग असेल, पण शताब्दीच्या कॅलेंडरवर खूण करायला यापेक्षा बोचरी तारीख सापडणार नाही.

इथे समितीची परीक्षा सुरू होते, आणि ती खोटं बोलण्या-न बोलण्याची नसते. शताब्दीत खोटं फारसं कुणी बोलत नाही. खरं बोलून थांबायचं कुठे, एवढंच ठरवायचं असतं. ‘आमच्या गावाने 1924 सालीच तळं खुलं केलं होतं’ हे वाक्य अक्षरशः खरं आहे. महाडचे नगराध्यक्ष राहिलेले सुरबानाना टिपणीस या लढ्यात आंबेडकरांच्या बाजूने उभे होते, हेही खरं आणि अभिमानाचं. स्मरणिकेचं पहिलं पान या दोन वाक्यांनी सजू शकतं. दुसऱ्या पानावर 1927 चा ऑगस्ट आला नाही, तर मात्र पहिल्या पानावरची दोन्ही खरी वाक्यं मिळून एक खोटं तयार होतं. टिपणीसांचं धाडस तरी कळणार कसं? ते कुणाच्या विरोधात उभे राहिले हेच गाळलं, तर भल्या गावातला एक भला माणूस एवढंच उरतं.

अशा वेळी समित्या काय करतात, याचे दाखले दूरदेशी आहेत.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ या गावी 1620 साली इंग्लंडहून आलेल्या स्थलांतरितांचं जहाज लागलं. 1970 साली त्याला 350 वर्षं झाली. सोहळ्याच्या मेजवानीत तिथल्या मूळ वाम्पनोआग लोकांपैकी कुणीतरी बोलावं म्हणून वामसुटा फ्रँक जेम्स यांना निमंत्रण गेलं. आयोजकांनी भाषण आधी वाचायला मागितलं. त्यात पूर्वजांच्या उकरलेल्या कबरी होत्या, गेलेली जमीन होती. हे प्रसंगाला शोभणारं नाही, असं ठरलं आणि त्यांच्यापुढे दुसरं, लिहून तयार केलेलं भाषण ठेवलं गेलं. जेम्स यांनी ते नाकारलं. त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी ते गावातल्या कोल्स हिलवर, वाम्पनोआग प्रमुखाच्या पुतळ्यापाशी, आपल्या लोकांसह उभे राहिले आणि तिथे बोलले. तेव्हापासून दरवर्षी त्याच दिवशी त्याच टेकडीवर शोकदिन पाळला जातो. 1997 साली तिथे पोलिसांशी झटापट होऊन लोकांना अटक झाली, आणि 1998 च्या समझोत्यानंतर गावाला टेकडीवर त्या दिवसाचा अर्थ सांगणारा फलक लावावा लागला. मेजवानीत दहा-पंधरा मिनिटांत संपलं असतं ते भाषण अर्धशतकाहून जास्त काळ चालू आहे.

बोलावलं, पण कागद आधी तपासून घेतला. महाराष्ट्रातल्या समित्यांना ही पद्धत अनोळखी नाही. ‘त्यांचाही एक प्रतिनिधी घ्या’ हे वाक्य कुठल्या बैठकीत ऐकू येत नाही? त्या ‘त्यांचाही’मधला ‘ही’ सगळं सांगून जातो: घर आमचं, खुर्ची तुमची, तीही कार्यक्रम संपेपर्यंत.

दुसरा दाखला टल्सा शहराचा. ओक्लाहोमा राज्यातल्या या शहरात 31 मे आणि 1 जून 1921 या दोन दिवसांत गोऱ्या जमावाने ग्रीनवूड ही काळ्या लोकांची भरभराटीची वस्ती जाळली; सुमारे 35 गल्ल्यांची राख झाली. कित्येक दशकं शहर त्याबद्दल बोललं नाही; बोललं तेव्हा ‘दंगल’ म्हणालं. 1997 साली राज्याने चौकशी आयोग नेमला. 2001 च्या अहवालात वाचलेल्यांना भरपाई द्यावी, अशी शिफारस होती. ती तशीच राहिली. शताब्दीच्या समितीने मात्र सुमारे 3 कोटी डॉलर उभे केले, देखणं संग्रहालय उभारलं, 31 मे 2021 साठी नामवंत गायकाचा मोठा कार्यक्रम आखला. त्या घटनेतून वाचलेल्या तीन व्यक्ती तेव्हा हयात होत्या, तिघांनीही वयाची शंभरी गाठलेली. कार्यक्रम त्यांच्या नावाने होणार, तर त्यांच्या पदरात काय पडणार, असा प्रश्न त्यांच्या वकिलांनी टाकला. बोलणी फिसकटली आणि दिवस तोंडावर आलेला असताना कार्यक्रम रद्द झाला.

समितीचे लोक वाईट होते का? कित्येक दशकांचं मौन मोडण्याचं श्रेय काही प्रमाणात त्यांचंच आहे. त्यांचं अडलं ते एवढ्यावर, की आठवण काढणं हे काम आपलं आणि देणं फेडणं हे काम दुसऱ्या कुठल्या तरी खात्याचं, अशी वाटणी त्यांनी मनोमन करून टाकली होती. वाचलेल्या वृद्धांनी ती वाटणी मान्य केली नाही.

पुन्हा महाडकडे. 1927 च्या ऑगस्टनंतरचं सगळं अजून इतिवृत्तात यायचं आहे. डिसेंबरात सत्याग्रह पुन्हा करायचं ठरलं. तळं खासगी आहे, असा दावा सनातनी मंडळींनी लावला आणि 14 डिसेंबरला न्यायालयाकडून तात्पुरता मनाई हुकूम आणला. डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सोबती ‘पद्मावती’ बोटीने दासगावला उतरले आणि तिथून महाडपर्यंतचे पाचेक मैल चालत आले. परिषदेला गावात जागा मिळेना. ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. व्यापाऱ्यांनी माल विकायचं नाकारलं, तेव्हा शिधा बाहेरून आणावा लागला. 25 डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे स्वतः ब्राह्मण होते. तळ्याचा प्रश्न न्यायालयात आहे म्हणून पाण्याला हात न लावण्याचा निर्णय झाला. हजारो माणसं तळ्याभोवती फेरी काढून, ओंजळ कोरडी ठेवून परतली.

त्यानंतर दावा. खालचं न्यायालय, अपील आणि शेवटी मुंबई उच्च न्यायालय. अस्पृश्यांना मज्जाव ही अनादि काळापासूनची वहिवाट असल्याचं सनातन्यांना सिद्ध करता आलं नाही. ज्यांनी 1922 साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती, त्याच न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्या खंडपीठाने 17 मार्च 1937 रोजी निकाल दिला. ओंजळभर पाणी पिऊन दहा वर्षं व्हायला तीन दिवस कमी होते.

एवढं इतिवृत्त मोठ्याने वाचायला पंधरा मिनिटं पुरतात. वाचताना सभागृहात चुळबुळ होईल. कुणी म्हणेल, जुन्या जखमा कशाला उकरायच्या. कुणाचं आडनाव दाव्याच्या कागदांत निघेल, आणि तो खाली मान घालून बसेल. त्याने काहीच केलेलं नसताना. त्याला आरोपी ठरवायचं कारण नाही. पण त्याच सभागृहात कुणी असाही बसलेला असेल, ज्याचा पणजोबा त्या मंडपात मार खाऊन रात्री अंधारात गावाकडे परतला. ‘कायम’ म्हणण्याआधी त्या दोघांनी एकमेकांकडे एकदा पाहिलं, तर समिती म्हणून ती पहिलीच खरी बैठक म्हणायची.

विषय क्रमांक दोनपासून सगळं पुन्हा नेहमीच्या वळणावर येईल: मंडप, ध्वनिक्षेपक, वाहनतळ, फिरती स्वच्छतागृहं. दरवर्षी 20 मार्चला महाराष्ट्रभरातून माणसं येतात, शताब्दीला कितीतरी जास्त येतील, आणि कोकणातला मार्च घामाचा असतो. साहजिकच शेवटी, ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात, कुणीतरी पाण्याचं काढेल. व्यापारी मंडळातून हात वर होईल: पाणपोई आमच्याकडे लागली. दुसरा म्हणेल, बाटल्या आमच्यातर्फे, फक्त फलक तेवढा ठळक लावू द्या.

त्या वेळी इतिवृत्त लक्षपूर्वक ऐकलेल्या एखाद्या सभासदाने उठून बोलावं. पाणपोई घालणं पुण्याचं काम खरं, पण 1927 साली कुणी पुण्य मागायला आलं नव्हतं, आणि नऊ वर्षांहून जास्त चाललेल्या दाव्यात हे पाणी खासगी की नगरपालिकेचं, हाही एक मुद्दा होता. तेव्हा पाणी नगरपरिषदेच्या नळाचं असावं, वाटपाला गावातल्या सगळ्या आळ्यांतले हात असावेत आणि फलकावर कुणाही दात्याचं नाव नसावं. खजिनदारांनी अंदाजपत्रकात ‘पिण्याचे पाणी’ अशी बाब घालावी आणि रकमेच्या रकान्यात चाळीस रुपये लिहून ते खोडावेत.