वाढणाऱ्याचा घास

मुलीला पहिला पगार मिळाला आणि तिने आम्हा दोघांना मुंबईतल्या एका बड्या हॉटेलात जेवायला नेले. मंद दिवे, पांढराशुभ्र टेबलक्लॉथ, भल्यामोठ्या ताटलीत मधोमध दोन घासांचा पदार्थ. वाढणारा मुलगा प्रत्येक पदार्थाची माहिती अदबीने इंग्रजीत सांगत होता. मटण हलाल आहे ना, हे आम्ही त्याला दोनदा विचारून घेतले.

आमची आपसातली बोली ऐकून तो थबकला. "चाची, तुम्ही खेडकडचे का?" त्याने हळूच विचारले. तो आमच्या शेजारच्या गावचा निघाला. तेवढ्यात मॅनेजरने पाहिले आणि तो पुन्हा इंग्रजीत शिरला.

रात्रीचे साडेदहा वाजले होते. एरवी गावच्या पोराला आम्ही पहिला प्रश्न केला असता, 'जेवलास का?' त्या टेबलावर तो आमच्या ओठांवर आला नाही. का आला नाही?

रेस्टॉरंट ही चीज अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये रुजली. त्याआधी खानावळीत सगळे एका टेबलावर, समोर येईल ते जेवत. आता ज्याला त्याला स्वतंत्र टेबल मिळाले, निवडीसाठी यादी आली, पदार्थापुढे किंमत आली. जात-मजहब न विचारता, कोणाच्या मेहेरबानीशिवाय जेवता येणे ही लहान गोष्ट नव्हे. पण पैसे मोजले की हिशेब संपला, ही समजूतही त्याबरोबरच आली.

सेवाशुल्क बिलात परस्पर लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सांगितले. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरले. ग्राहकाच्या दृष्टीने हे रास्तच आहे. मात्र कायदा फक्त सक्ती काढून घेतो. वाढणाऱ्याचे आपण काही देणे लागतो की नाही, हे आपल्यालाच ठरवावे लागते.

बुखारी शरीफमधल्या एका हदीसचा आशय असा, की सेवक जेवण घेऊन आला तर त्याला सोबत बसवावे. ते जमत नसेल तर घास-दोन घास तरी द्यावेत, कारण ते रांधण्याची धग त्याने सोसलेली असते.

ही हदीस आठवली आणि हॉटेलकडे बोट दाखवायची आम्हाला लाज वाटली. आमच्या घरी दस्तरखान अंथरला की आधी मेहमान, मग पुरुष, मग मुले जेवत. धग सोसणारी अम्मी सर्वांत शेवटी, पातेल्याच्या बुडाशी उरेल ते घेऊन बसे. तिला आम्ही कधी विचारले? हॉटेलातल्या मुलाला निदान पगार तरी आहे.

कोणी म्हणेल, नोकरीवरच्या माणसाला असे विचारणे म्हणजे त्याला अडचणीत आणणे. खरे आहे. त्याला आमची दया नकोच असेल. पण विचारपूस म्हणजे दया नव्हे. समोरचा आपल्यासारखाच भुकेला होणारा माणूस आहे, याची ती कबुली असते. मांस हलाल आहे का, हे विचारणारी जीभ इथे मात्र अडखळली.

बिल मुलीने भरले. निघताना आम्ही त्या मुलाच्या हातात काही नोटा ठेवल्या. त्याने त्या घेतल्या, सलाम केला. प्रश्न मात्र आमच्याजवळच राहिला, आणि तो विचारायला पैसे लागत नव्हते.