मास्तरांचा आवाज

गणिताच्या मास्तरांना खोटे बोलण्याची सोय नसते, असा लोकांचा एक समज आहे. इतिहासाच्या मास्तरांनी लढाईत चार तोफा जास्त घातल्या, तर त्या मोजायला कोण जाणार! पण बे पंचे अकरा म्हणून पाहा, शेवटच्या बाकावर डुलक्या घेणारे कारटेसुद्धा हात वर करील. हा समज मला फारसा पटत नाही. शब्द खरे असूनही आवाज खोटा असू शकतो, आणि आमच्या तासाला तो पुष्कळदा तसा असतो.

'तेरा ही मूळ संख्या आहे' आणि 'एक ही मूळ संख्या नाही' ही दोन वाक्ये घ्या. दोन्ही पाठ्यपुस्तकात आहेत, दोन्ही बरोबर आहेत, आणि परीक्षेत दोहोंनाही सारखेच गुण. आम्ही ती एकाच दमात, टेबलावर एकाच डस्टरचा ठोका देऊन सांगतो. माझी तक्रार त्या ठोक्याविषयी आहे.

ज्यांचा शाळेशी संबंध सुटून पुष्कळ वर्षे झाली, त्यांनी या दिवसांत चाळीच्या गॅलरीत बारा पणत्या मांडून पाहाव्यात. दोन ओळींत सहा-सहा बसतात, तीन ओळींत चार-चार. म्हणजे दोन, तीन, चार, सहा हे बाराचे विभाजक, आणि बारा ही त्या प्रत्येकाच्या पटीतली संख्या. आता एक पणती वाढवा. तेरा पणत्यांची एक लांबलचक ओळ होईल. तिच्या दोन सारख्या ओळी करा, तीन करा, कुठे तरी एखादी पणती उरणार किंवा कमी पडणार. सरकारने वटहुकूम काढला तरी यात फरक होणार नाही.

एकाची गोष्ट निराळी आहे. एकाला मूळ म्हणायचे की नाही, हे माणसांनी ठरवले आहे, आणि ते ठरायला बराच काळ गेला. १७४२ साली गोल्डबाखने ऑयलरला जे प्रसिद्ध पत्र लिहिले, त्यात एक ही मूळ संख्याच धरली होती. १९१४ साली लेमर यांनी मूळ संख्यांची प्रचंड यादी छापली, तिची सुरुवातही एकापासूनच आहे. पुढे एकाला पंक्तीतून उठवले, त्याला कारण होते. बाराचे मूळ अवयव पाडले तर दोन, दोन आणि तीन, एवढेच येतात. दुसरी तऱ्हा नाही. एकाला मूळ मानले की एक गुणिले दोन गुणिले दोन गुणिले तीन, मग त्यात आणखी एक 'एक', आणखी एक. हा पाहुणा आपल्याबरोबर हवे तितके पाहुणे घेऊन येतो, आणि 'एकच तऱ्हा' म्हणण्याची सोय जाते. म्हणून त्याला बाहेर ठेवला. निर्णय शहाणपणाचा, पण निर्णयच.

लालबागच्या एका चाळीत, मंडळाच्या खोलीत, मी संध्याकाळी आठवी-नववीच्या मुलांचे गणित घेतो. तिथे एका मुलीने विचारले, "सर, हे ठरवलं कोणी?" मी तिला वरची सगळी हकीकत सांगितली. गिरगावातले माझे एक शिक्षकमित्र यावर नाराज आहेत. "नियम माणसांनी केलेले असतात असे पोरांना सांगितलेत, की उद्या ती प्रत्येक नियमाला हात घालतील," असे त्यांचे म्हणणे. घालू देत की! एकाला हात घातला तर कारण सापडेल. तेराला घातला तर काहीच हलणार नाही. ज्या मुलाने दोन्हीकडे हात घालून पाहिला नाही, ते पुढे साहेबाचा हुकूम आणि निसर्गाचा नियम यांत फरक कसा करणार?

याहून अवघड एक आवाज आहे. तो हुकूम करीत नाही, 'नेहमी असेच होत आले आहे' एवढेच म्हणतो. मुलांना मी ऑयलरच्या नावाची एक गंमत दिली. कोणतीही संख्या घ्या, तिला तिच्या पुढच्या संख्येने गुणा आणि ४१ मिळवा. एकापासून निघाले की ४३, मग ४७, मग ५३. सगळ्या मूळ! मुलांनी कामे वाटून घेतली, ३७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले. दहा झाल्या, वीस झाल्या, एकोणचाळीस झाल्या. एकही फुटली नाही. वर्गाने एकमताने निकाल दिला, की हे नेहमीच होणार. मग चाळिसावी पाळी आली. चाळीस गुणिले एकेचाळीस, अधिक एकेचाळीस. म्हणजे एकेचाळीस एकेचाळीस वेळा, १६८१. सरळ फुटली.

खोली गप्प झाली. मग एक मुलगा म्हणाला, "आमचे आजोबा पण असंच म्हणायचे, संप मिटतोच." या वस्तीत हे वाक्य कुणाला समजावून सांगावे लागत नाही. १९२८ चा संप सहा महिने चालला, तरी मिटला. १९७४ चाही मिटला, भोंगा पुन्हा वाजला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, तेव्हा त्यांच्यापाशी हाच अनुभव होता. पुढे कित्येक गिरण्यांचे भोंगे कायमचे बंद पडले. त्या माणसांना मी भोळे म्हणणार नाही. आयुष्यात पुष्कळदा अनुभवावाचून हाती दुसरे काही नसते. पण अनुभव म्हणजे सिद्धता, असे वर्गात कुणी शिकवू नये.

हा मोह थोरांनाही होतो. दामोदर कोसंबी मूळचे गोव्याचे. पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला येऊन टाटा संशोधन संस्थेत गणित करीत. मूळ संख्या कशा विखुरलेल्या असतात याविषयी रीमानने १८५९ साली एक अनुमान मांडले आहे. १९५९ साली कोसंबींनी संभाव्यतेच्या वाटेने त्याची तड लावल्याचा दावा केला, आणि तो छापला कृषी-सांख्यिकीच्या नियतकालिकात! इतर गणितज्ञांनी तो मानला नाही. इतिहास इतक्या निर्भयपणे तपासणाऱ्या या माणसाचा मला फार आदर आहे. पण त्याच्यासाठीही गणिताने नियम सैल केला नाही, याचा मला त्याहून आदर आहे. ते अनुमान अजून तसेच आहे.

मूळ संख्या कधी संपतात का, या प्रश्नाचे युक्लिडचे उत्तर मी त्याच आठवड्यात सांगितले. संपतात असे समजा; सगळ्यांचा गुणाकार करा, एक मिळवा. आलेल्या संख्येला यादीतल्या कशानेही भागले तरी बाकी एक उरते. तेव्हा ती स्वतः मूळ असेल, नाहीतर तिचा एखादा मूळ अवयव यादीबाहेरचा असेल. मुलांनी माना डोलावल्या. 'ठरवलं कोणी' विचारणारीने मात्र डोलावली नाही. दुसऱ्या दिवशी ती कॅलेंडरच्या फाटक्या पानाची मागची बाजू भरून घेऊन आली. तिने दोनपासून तेरापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या गुणून त्यांत एक मिळवला होता, ३००३१, आणि रात्री उशिरापर्यंत ती संख्या फोडीत बसली होती.

"सर, ही मूळ नाही," ती म्हणाली. "एकोणसाठ गुणिले पाचशे नऊ. पण एकोणसाठ आपल्या यादीत नव्हतेच."