आयसीयूतली झोप आणि आपली सेवा





भालकी-औराद असो की आळंद-अफजलपूर, घरातलं माणूस फार आजारी पडलं की आपण कलबुर्गी, लातूर, सोलापूर नाहीतर हैदराबाद गाठतो. पेशंट आत आयसीयूत, आपण बाहेर चटईवर. दोन रात्री त्यांचा डोळा लागला नाही असं कळलं की एकजण डॉक्टरांना म्हणतो, "साहेब, झोपेचं इंजेक्शन द्या, हाल बघवत नाहीत." दुसरा म्हणतो, "औषध कशाला? नाम घ्या, झोप येईल." दोघांचीही माया खरी. पण ही मागणी त्यांच्या विश्रांतीसाठी असते की आपल्या मनाच्या समाधानासाठी?

औषधाची गुंगी आणि खरी झोप एक नव्हे. डोळे मिटलेले दिसतात, पण शरीराला हवी ती गाढ झोप मिळतेच असं नाही. झोपेच्या काही औषधांनी तर पेशंट भ्रमात जाण्याचा धोका वाढतो. मुलाला ओळखत नाही, नळ्या ओढतो, नसलेली माणसं दिसतात. मग आपण "बाहेरची बाधा" म्हणून लिंबू उतरवायला धावतो. ती बाधा नाही, आजारपणातला भ्रम आहे. लगेच सिस्टरला सांगावं. मेलाटोनिन हे तर रात्री आपल्याच शरीरात तयार होतं, म्हणून त्याच्या औषधावर मोठी आशा होती. ऑस्ट्रेलियात आयसीयूतल्या ८५० पेशंटांवर त्याचा अभ्यास झाला. २०२२ साली निकाल आला, भ्रम काही कमी झाला नाही.

मग औषध घेणं चूक का? मुळीच नाही. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला बरेचदा गुंगी द्यावी लागते, वेदनेला औषध लागतंच. ते नाकारणं म्हणजे भक्ती नव्हे. कुठलं, किती, कधी, ते डॉक्टरांनी ठरवावं. घरी रोज झोपेची गोळी किंवा दारू घेण्याची सवय असेल तर लाज न धरता सांगावं, कारण ती एकदम तुटली तर धोका असतो. आणि पदरातून लपवून गोळी तर कधीच देऊ नये.

आपल्या हातात काय आहे? अमेरिकेतल्या अतिदक्षता तज्ज्ञांनी २०१८ साली सुचवलेली गोष्ट साधीच आहे: रात्री आवाज आणि उजेड कमी करा. परवानगी घेऊन कानात बोळे, डोळ्यांवर पट्टी देता येते. दिवसा भेटीत चष्मा, कानाचं मशीन द्यावं, आज वार कोणता ते सांगावं. हैदराबादेत सभोवती तेलुगू बोलणारी माणसं असतात. तिथे आपल्या मराठीतलं एक "आप्पा, मी हाय इथं" फार धीर देतं. नाम घ्यावं, पण हळू. शेजारच्या खाटेवरही कुणाचा तरी बाप झोपायला धडपडतोय.

आपण तूर पिकवणारी माणसं. तुरीची राखण करता येते, ओढून ती वाढवता येत नाही. झोपेचंही तसंच आहे. आपण राखण करावी. बाकीचं वैद्याने आणि सद्गुरूंनी बघावं.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏