गाठ ओढून पाहावी



आमचे बालपण वाडीत, केळीच्या बागेत गेले. त्यामुळे या धर्मग्रामात आलो तेव्हा समुद्र आम्हाला परकाच होता. पहिल्याच वर्षी बंदरावरच्या एका वयस्क कोळी बांधवाने आम्हाला तंगुसाला गळ बांधायला शिकवले. कृती सोपी आहे, परंतु प्रत्येक पायरी तितकीच महत्त्वाची आहे.

तंगुसाचे टोक गळाच्या नेढ्यातून ओवून वीतभर बाहेर काढायचे. ते मूळ दोरीभोवती पाच-सहा वेळा गुंडाळायचे. गुंडाळताना नेढ्यालगत एक लहानशी फट राहते. टोक मागे आणून तिच्यातून घालायचे. त्यामुळे एक मोठा फास तयार होतो. टोक त्याही फासातून काढायचे. मग गाठ पाण्याने ओली करायची, कारण कोरडे नायलॉन घासले की तापते आणि कमजोर होते. टोक धरून ठेवून दोरी व गळ विरुद्ध दिशांना हळूहळू ओढायचे. वेढे शेजारी शेजारी बसले पाहिजेत, एकमेकांवर चढता कामा नयेत. उरलेले टोक थोडे राखून कापायचे.

आम्ही गाठ बांधली आणि अभिमानाने त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती जोराने ओढली. गाठ सरळ निसटली! आम्ही शेवटच्या फासातून टोक काढायला विसरलो होतो. खरे सांगायचे तर आम्हाला रागच आला. ते म्हणाले, “फादर, मी तुम्हाला नाय ओढलं, गाठीला ओढलं.” पुढे त्यांनी स्वतः गाठ बांधली आणि तीही तितक्याच जोराने ओढून पाहिली.

त्या क्षणी आम्हाला एक जुनी गोष्ट आठवली. एका दुसऱ्या धर्मग्रामात आम्ही साहाय्यक धर्मगुरू होतो. तेथे सणाचा हिशेब एक सद्गृहस्थ अनेक वर्षे पाहत होते. एका सभेत एका तरुणाने पावत्या पाहायला मागितल्या. गृहस्थ दुखावले. “इतकी वर्षे सेवा केली, ती यासाठी का?” असे म्हणाले. वाद नको म्हणून आम्ही त्या तरुणालाच गप्प बसवले. दोन वर्षांनी हिशेबात तूट दिसली. चोरी नव्हती, बेरजेची चूक होती आणि काही पावत्या हरवल्या होत्या. परंतु त्यांच्या बाजूने उभे राहून ‘मी वही पाहिली आहे’ असे म्हणणारा एकही माणूस नव्हता. तो प्रामाणिक मनुष्य गावात मान खाली घालून फिरू लागला. त्यांचे रक्षण करतो आहोत असे आम्हाला वाटले होते; प्रत्यक्षात आम्ही त्यांना एकटे पाडले होते.

तपासणे म्हणजे अविश्वास दाखवणे का? आम्हाला वाटते, येथे माणूस आणि त्याचे काम यांत भेद करायला हवा. सज्जनाच्या हातूनही वेढा चुकतो. निसटलेली गाठ हा त्याच्या चारित्र्यावरचा डाग नव्हे. मासा लागण्यापूर्वी, किनाऱ्यावरच ती निसटली तर पुन्हा बांधता येते. मासा लागल्यावर निसटली तर मासाही जातो आणि गळही.

कोणी विचारील, मग पतीने पत्नीचा किंवा पत्नीने पतीचा मोबाईल रोज तपासावा का? मुळीच नाही. गाठ ओढायची ती ओझे टाकण्यापूर्वी, बांधणाऱ्याच्या समोर, हिसडा न देता. दिवसभर तीच गाठ ओढत बसणाऱ्याचा तंगूस झिजतो. लपूनछपून घेतलेली झडती ही माणसाची असते, कामाची नसते. शिवाय ओढून पाहण्याचा नियम सर्वांना सारखा हवा. गरिबाची वही तपासायची आणि मोठ्यांची तशीच ठेवायची, हा मात्र खरोखरच अपमान आहे.

शिष्य थोमाने जखमा पाहायला मागितल्या तेव्हा प्रभूने हात मागे घेतले नाहीत, पुढे केले. ज्याच्यापाशी लपवण्यासारखे काही नाही, त्याला हात पुढे करणे जड जात नाही.

म्हणून यंदाच्या सणापूर्वी आम्ही ठरवले आहे की, सर्व वह्या दोघांनी मिळून पाहाव्यात आणि सुरुवात धर्मगुरूंच्या निवासाच्या खर्चाच्या वहीपासून व्हावी. तिच्यात चूक सापडली तर आम्हाला अवश्य सांगा. थोडा राग येईल, परंतु गाठ पुन्हा बांधायला वेळ असेल.

आपले धर्मगुरू