व्यवसायात्मिका बुद्धी आणि एमबीएची फी



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 2, श्लोक 41.

या श्लोकात ‘व्यवसायात्मिका बुद्धी’ असा शब्द आहे. आपल्या कानाला व्यवसाय म्हणजे धंदा. गीतेत मात्र त्याचा अर्थ निश्चय. भगवंत अर्जुनाला सांगतात की या मार्गावर निश्चय झालेली बुद्धी एकच असते, आणि ज्यांचा निश्चय झाला नाही त्यांच्या बुद्धीला फांद्या फुटतच राहतात. त्या फांद्यांना अंत नाही.

हा श्लोक आज घेण्याचं कारण एका ताईंचा मेसेज. वय 26, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी, पगार हातात 70 हजार. वडील एसटीतून निवृत्त. कॅट दिली, एका चांगल्या संस्थेत दोन वर्षांच्या एमबीएला प्रवेश मिळाला, आणि पहिला हप्ता शुक्रवारपर्यंत भरायचाय. इकडे मॅनेजर म्हणतो, थांब, पुढच्या वर्षी लीड करतो. शेवटी ताई विचारतात, “देवापुढे दोन चिठ्ठ्या टाकू का? माउलींची इच्छा काय आहे ते तरी कळेल.”

चिठ्ठीची मी टिंगल करणार नाही. आमच्या कोकणात आजही देवाला कौल लावतात, आणि गावाच्या गाव तो मानतं. पण गीतेचा शेवट बघा. अठराव्या अध्यायाच्या 63 व्या श्लोकात, सगळं ज्ञान सांगून झाल्यावर, साक्षात भगवंत म्हणतात की यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. समोर देव रथावर बसलाय, तरी विचार करायचं काम अर्जुनाचंच! मग आपण ते काम एका कागदाच्या घडीवर का ढकलायचं? चिठ्ठीत बहुतेक वेळा भक्तीपेक्षा भीतीच जास्त असते. उद्या चुकलं तर “देवानेच सांगितलं होतं” म्हणायची सोय.

मग विचार कसा करायचा? पुढचाच श्लोक, 42 वा, फुलांनी सजवलेल्या वाणीपासून सावध करतो. तिथे विषय स्वर्गभोगाच्या आशेने केलेल्या कर्मकांडाचा आहे, पण मला हसू येतं, कारण कॉलेजांची माहितीपत्रकं हुबेहूब तशीच. ‘सरासरी पॅकेज’ मोठ्या अक्षरात. ताई, सरासरी नका विचारू, मध्यक विचारा, म्हणजे वर्गातल्या मधोमधच्या विद्यार्थ्याला किती मिळालं ते. चारपाच जणांना परदेशातली नोकरी लागली की सरासरी फुगते, मध्यक सहसा तितका हलत नाही.

आणि हिशेब मांडा. तुमची फी 20 लाख, सगळी कर्जातून. 10 टक्के व्याज, 10 वर्षं मुदत धरली तर महिन्याला साधारण 26,400 रुपये हप्ता. शिकत असताना हप्ता सहसा नसतो, पण व्याज चढत राहतं, ते वेगळं. शिवाय दोन वर्षांचा पगार बुडणार, 70 हजारांच्या हिशेबाने 16 लाख 80 हजार. म्हणजे प्रश्न 20 लाखांचा नसून जवळजवळ 37 लाखांचा आहे. (जुन्या करप्रणालीत व्याजाची वजावट मिळते, तेवढाच दिलासा.) हे आकडे बघून घाबरा असं म्हणत नाही. आकडे न बघता “माउली बघून घेतील” म्हणणं ही श्रद्धा नाही, एवढंच.

हिशेबावरून नाथ महाराज आठवतात. परंपरेत सांगतात, देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे हिशेब लिहिताना एका पैची चूक लागेना, म्हणून एकनाथ रात्रभर वह्या चाळत बसले. चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैसाठी एवढी एकाग्रता, हीच भगवंताकडे लाव. स्वामी स्वतः किल्ल्याचा कारभार बघणारे. तिथे चाकरी आणि शाळा वेगळ्या नव्हत्या. नोकरीत सगळंच शिकता येतं, मग डिग्री कशाला, असं मात्र यातून काढू नका. नाथांना जनार्दनस्वामी मिळाले होते, आपल्याला टीम लीड मिळतो!

आता मुख्य मुद्दा. श्लोकातला ‘एक’ निश्चय म्हणजे एमबीए की नोकरी यातलं एक निवडणं नव्हे. ज्ञानेश्वर माउली इथे गंगेचा दृष्टांत देतात, तिला समुद्राशिवाय दुसरं ठिकाण नाही. वाटेत ती किती वळणं घेते! एमबीए हे वळण, नोकरी हेही वळणच. ताई, तुमच्याच मेसेजमध्ये दोन वाक्यं होती. एक, “बरोबरच्या सगळ्या पुढे गेल्या.” दुसरं, जाता जाता लिहिलेलं, की क्लायंट आणि डेव्हलपर भांडले की तुम्हाला बोलावतात आणि ते मिटवायला तुम्हाला आवडतं. पहिल्या वाक्यासाठी 37 लाख घालू नका, तो खड्डा डिग्रीने भरत नाही. दुसऱ्यासाठी घालायचे असतील तर माझ्या मते त्यात दम आहे. कुणी न सांगता जे काम हातून होतं, तिथे स्वभाव दिसतो, आणि अठराव्या अध्यायात भगवंत स्वभावाला किती मोठं स्थान देतात हे आपण मागे पाहिलंय.

मॅनेजरच्या शब्दाचं म्हणाल तर तो लेखी आहे का, एवढंच विचारा.

आणि एक राहिलं. घरच्यांचं काय म्हणणं आहे, हे तुम्ही लिहिलंच नाहीत. सहकर्जदार म्हणून बँक वडिलांची सही मागेल. ते “तुला हवं ते कर बाळा” म्हणतील, बाबा लोक म्हणतातच. तरी शुक्रवारच्या आधी एकदा घरी जा, हप्त्याचा आकडा त्यांच्यासमोर कागदावर लिहा आणि थोडा वेळ गप्प बसा. ते काय बोलतात ते ऐका. मग हप्ता भरा, नाहीतर नका भरू.

उद्या 42 वा श्लोक नीट, सविस्तर घेऊ.

राम कृष्ण हरी 🙏